सोप्या ट्रेकला जुना गडी पाठवा

पाऊस स्थिरावला की फोनवर जाहिराती सुरू होतात. 'धबधबा ट्रेक. श्रेणी सोपी. नवशिक्यांसाठी उत्तम. नाश्ता, जेवण, प्रवास समाविष्ट.' यात खोटं काही नसतं, वाट खरंच सोपी असते. माझा आक्षेप वेगळा आहे. वाट सोपी म्हणून तिच्यावर लीडरही नवखाच धाडला जातो. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेला जाणारे मुरलेले लोक धबधब्याच्या बसमध्ये दिसत नाहीत. तिथे असतो कॉलेजातला एखादा उत्साही मुलगा. ट्रेक फुकट, वर थोडा हातखर्च. खरं तर नळीच्या वाटेला येणारा गडी स्वतःला सांभाळू शकतो. धबधब्याला आलेल्या चाळीस जणांतल्या अनेकांनी आयुष्यात वाहता ओढा पायी ओलांडलेला नसतो.

देवकुंडच घ्या. ताम्हिणीच्या पायथ्याशी, रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याजवळ, कुंडलिकेच्या उगमाशी हा धबधबा आहे. सुरुवातीला भिरा धरणाच्या पाण्याकडेने सपाट चाल, मग झाडी, मधे ओढे आणि शेवटी दगडाधोंड्यांतून चढण. दम काढणारं फारसं काही नाही. पण मुळशीचं पाणी घाटाखाली सोडून टाटांनी 1920च्या दशकात भिऱ्याला वीज केली, ती इथल्या उंचीच्या जोरावर. तीच उंची ओढ्यांनाही जोर देते. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस खाली यायला वेळ लावत नाही. खाली ऊन पडलेलं असतं, फोटो निघत असतात, आणि सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा परतताना मांडीला लागतो.

त्यामुळे लीडरची परीक्षा धबधब्यापाशी होतच नाही, ती या ओढ्यावर होते. जाणता माणूस जाताना पाण्याच्या काठावरचा एखादा धोंडा हेरून ठेवतो. तो बुडू लागला, पाणी गढूळलं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, की पुढे जायचं नाही, मग धबधबा वीस मिनिटांवर का असेना. पलीकडे अडकलात तर उंच जागी बसून पाणी ओसरायची वाट पाहायची. हातात हात घालून साखळी करायची आणि घुसायचं, हा प्रकार सिनेमात बरा. एकाचा पाय सुटला की शेजारचाही जातो. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तेही एकमेकांना धरूनच उभे होते. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला आणि पुढच्या शनिवारी पुन्हा बॅगा भरल्या.

परत फिरा म्हणणं अवघड असतं. लोकांनी पैसे मोजलेले असतात, 'दुसरा ग्रुप गेला की पुढे' असं कुणीतरी बोलतंच, आणि वीस वर्षांच्या मुलाला त्याच्या काकांच्या वयाचा माणूस दटावतो. म्हणून हे वाक्य बसमध्येच बोलून टाकावं: आज धबधबा दिसेलच असं नाही. एकदा ते कानावरून गेलं की ओढ्यावर भांडण निम्मं होतं.

बस हा दुसरा दुखरा विषय. पुण्याहून सहाला निघणारी गाडी साडेसातला हलते, मग वाटेत मिसळ, मग चहा. हा वेळ कुणाच्या खात्यातून जातो? परतीच्या. मग लीडर चाल वाढवतो आणि नेमके नवशिके मागे पडतात. माझ्या मते सगळ्यात अनुभवी माणसाने पुढे चालूच नये. त्याने शेवटी राहावं. पोटरीत गोळा, बुटाचा निसटलेला तळ, भरलेला दम आणि 'मला नाही जमणार' हे सगळं रांगेच्या शेपटाशी गोळा होतं. पुढे राहायला गावातला वाटाड्या आहे. त्याचे पैसे वाचवणाऱ्या आयोजकाबद्दल मला काही चांगलं बोलता येत नाही. वाटाड्या 'आज नको' म्हणाला तर तो शब्द शेवटचा.

आणि कुंड. तिथे पोहायचं नाही, कितीही पोहता येत असलं तरी. पाणी खोल, थंडगार आणि धारेखाली गरगरणारं असतं, वरून धोंडेही येतात. देवकुंडात बुडून माणसं गेली आहेत. पावसाळ्यात प्रशासन बंदीचे आदेश काढतं, तेव्हा 'मागची वाट' शोधून देणाऱ्यांना ट्रेकर म्हणू नये. नवशिक्यांना देवकुंड दाखवायचंच असेल तर पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस न्यावं. धार बारीक होते, पण पाणी निवळतं आणि ओढे शहाण्यासारखे वागतात. (गर्दीही कमी. कांदाभजी मात्र तेवढीच गरम मिळते.)

पैसे भरण्याआधी आयोजकाला फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा. रांगेच्या शेवटी कोण चालणार आहे? गावातला वाटाड्या सोबत आहे का? ओढ्याला पाणी वाढलं तर कुठून परत फिरणार? तिसऱ्या प्रश्नावर 'काही होत नाही हो, नेहमी जातो आम्ही' असं उत्तर आलं, तर तो रविवार घरी घालवा.