आता बरा आहेस ना?

आजारी माणसाला विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी हा सगळ्यात अवघड. "ताप किती?" याला आकडा असतो, "डॉक्टर काय म्हणाले?" याला कागद असतो. पण "आता बरा आहेस ना?" याला हो म्हणावं तर लगेच कामाला जुंपतात, आणि नाही म्हणावं तर समोरच्याच्या चेहऱ्यावर "अजून?" उमटतं. आपल्या हिशोबात माणूस एक तर आजारी असतो नाहीतर बरा. शून्य किंवा एक. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना खरं तर असलं गणित आवडायला हवं. पण सर्व्हर रीबूट केल्यावरसुद्धा लगेच पूर्ण लोड टाकत नाहीत हो, हळूहळू वाढवतात. माणसाला तेवढीही सवलत नाही.

निमित्त सांगतो. मला कावीळ झाली. पुण्यात खोलीवर एकट्याने पडून राहण्यात अर्थ नव्हता, म्हणून कुपवाडला घरी आलो आणि दीड महिना तिथे राहिलो. आजाराचं वर्णन करत नाही, ते कुणालाच वाचायचं नसतं :) पण शेवटचे चार आठवडे मी आजारी नव्हतो आणि बराही नव्हतो. रिपोर्ट सुधारत होते, डोळ्यांचा पिवळेपणा गेला होता, आणि एक जिना चढलो की बसावंसं वाटत होतं. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं असं आपल्याकडे म्हणतात. पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो. मुंगीच्या वेळेला मात्र कुणाला धीर नसतो.

माझं म्हणणं असं, की ही मधली अवस्था खरी असते, तिला वेळ लागतो, आणि त्या वेळात काय करायचं हा फालतू प्रश्न नाही.

"काय करायचं म्हणजे? पडून राहायचं!" हे घरातल्या मोठ्यांचं उत्तर. ते पूर्ण बरोबर नाही. १९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं अंथरुणात झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. शरीराच्या कष्ट करण्याच्या क्षमतेचं जेवढं नुकसान तीस वर्षांच्या वयाने केलं नव्हतं, तेवढं त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केलं होतं! काविळीतही सक्तीने गादीला खिळून राहायची गरज नसते, झेपेल तेवढं करावं असंच आता डॉक्टर सांगतात. ज्याला अ प्रकारची कावीळ म्हणतात, तिच्यावर विषाणू मारणारं खास औषध नाही. शरीर आपलं आपण निस्तरतं, आणि त्याला कित्येक आठवडे लागतात, कधी महिनेही. (म्हणूनच कावीळ उतरवणाऱ्या माळा आणि मंत्र इतके यशस्वी असतात. बहुतेक जण तसेही बरे होणारच असतात, श्रेय माळेला.)

आता आमच्या भागाची एक गंमत सांगतो. कुपवाड म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेतलं तिसरं नाव, १९९८ साली महापालिका झाली तेव्हा जोडलेलं. बाहेरच्यांना ते फक्त एमआयडीसीमुळे माहीत असतं. पण शेजारची मिरज हे बरं व्हायला यायचं गाव आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचं हॉस्पिटल उघडलं आणि पुढे लांबलांबचे रुग्ण मिरजेला येऊ लागले. सांगली-मिरजेच्या मधल्या वॉनलेसवाडीचं नावही त्यांचंच, आणि तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा स्वच्छ हवा, सकस खाणं आणि महिनोन्महिने विश्रांती एवढाच इलाज होता. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ प्लेगने आजारी असताना मीरासाहेबांच्या दर्ग्यात आले, बरे झाले आणि मग मिरजकरच होऊन गेले असं सांगतात. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे हॉस्पिटल आणि गाणं एका गावात पहिल्यापासून शेजारी शेजारी आहेत.

मग ही आरोग्यधामं मागे का पडली? त्याचं उत्तर भारतातूनच मिळालं. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगावर एक मोठा प्रयोग सुरू झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवलं, काहींना तीच औषधं देऊन घरी. घरं दाटीवाटीची, खाणं बेताचं, विश्रांती कमी. १९५९ साली निष्कर्ष आले, ते असे की औषधं नियमित घेतली तर घरचे रुग्णही जवळपास तितकेच बरे होतात, आणि त्यांच्यामुळे घरच्यांना जास्त लागण होते असंही दिसलं नाही. जगभरात क्षयाचा उपचार घरी आला त्यामागे हा मद्रासचा अभ्यास आहे.

यावर कुणी म्हणेल, घरी राहून, कामं करून ते बरे झाले ना? मग तुला कशाला एवढी विश्रांती? बरोबर प्रश्न. पण मद्रासच्या त्या रुग्णांच्या मागे वर्षभर रोज जंतू मारणारी औषधं होती, आणि ती घेतली जातात का हे बघायला घरी येणारी माणसं होती. त्या अभ्यासाने सिद्ध केलं की घर ही बरं होण्याची जागा असू शकते. "घरी आहे म्हणजे मोकळा आहे" हे त्याने सिद्ध केलेलं नाही!

आणि नेमका हाच घोटाळा आपल्या ऑफिसांमध्ये होतो. पूर्वी आजारी माणूस घरी असला की ऑफिसच्या दृष्टीने तो संपलेला असायचा. २०२० नंतर घर हेच ऑफिस झालं, तेव्हापासून सिक लीव्ह म्हणजे कॅमेरा बंद ठेवून काम करायची सवलत. "घरीच आहेस ना, मग एवढं बघ की जरा." मला असे फोन आले. नावं घेत नाही, कारण प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असं एक नाव असतंच. शिवाय फोन करणारे दुष्ट नसतात. त्यांच्या डॅशबोर्डवर "बरा होतोय" असा रंग नसतो, इतकंच.

पडून राहणंही नाही आणि कामही नाही, तर मग मधे काय? इथे छंद येतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ सालच्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय की त्याच त्या भिंती बघून रोगी खचतो, त्याला रंग, बदल आणि हाताला हलकं काम हवं असतं. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे २३ आणि विटांची भिंत दिसणारे २३. झाडंवाले थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास छोटा आहे, पण आमच्या गच्चीवर डब्यात लावलेल्या पुदिन्याकडे मी त्यानंतर जरा आदराने बघायला लागलो.

दुखण्यातल्या छंदाची माझी व्याख्या अगदी साधी आहे. कुठल्याही क्षणी अर्धवट टाकून झोपता आलं पाहिजे, आणि उठल्यावर ते तिथेच सापडलं पाहिजे. बस्स. पुदिन्याला पाणी घालणं यात बसतं. तूर निवडणं बसतं. सांगली आकाशवाणी लावून डोळे मिटून ऐकणं बसतं. बुद्धिबळ तर फारच छान बसतं. सांगली हे बुद्धिबळाचं गाव, भाऊसाहेब पडसलगीकरांनी पिढ्या घडवल्या, भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे इथल्याच. मी त्या पंगतीतला नाही. पण पटावर डाव मांडून ठेवायचा, बाबांनी येता-जाता एक चाल करायची, मी झोपून उठलो की एक करायची. एक डाव चार दिवस चालायचा.

न बसणाऱ्या गोष्टीही सांगतो. ऑनलाइन कोर्स. "या सहा आठवड्यांत पायथन पक्कं करून टाक" असा सल्ला मला तीन जणांनी दिला. कोर्सला प्रगतीचा पट्टा असतो, आणि तो ६२ टक्क्यांवर अडकला की तापापेक्षा जास्त त्रास देतो. रिकामा वेळ दिसला की त्यात काहीतरी ठासून भरायचं ही आपली, म्हणजे आपल्या पिढीची, खोड आहे. छंदाचंसुद्धा आपण प्रोजेक्ट करतो. रील्स बघत पडणंही यात बसत नाही, कारण ते अर्धवट टाकता येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

आता जरा टोचणारं. मी छंद करत होतो तेव्हा घरात काम कोण करत होतं? आई. उकळून गार केलेलं पाणी, बिनतेलाची भाजी, वेगळी भांडी, शिवाय "किती वाळलास रे बाळा" म्हणत भडंगाचा पुडा घेऊन येणारे पाहुणे (आणि तो पुडा माझ्यासमोर संपवणारेही तेच). घरातला पुरुष दुखण्यातून उठतो तेव्हा त्याच्यासाठी एक अख्खी यंत्रणा राबते. बाई दुखण्यातून उठते ती थेट ओट्यापाशी. आईला काही वर्षांपूर्वी टायफॉइड झाला होता. तिची मधली अवस्था किती दिवस होती असं मी या वेळी विचारलं. "कसली मधली?" म्हणाली. पुढे मी विचारलं नाही, दुसऱ्या दिवसापासून तूर मी निवडायला लागलो. तेवढ्याने काही फिटत नाही, हे कळतं.

आणि दाराबाहेर एमआयडीसी. आमच्या गल्लीतून सकाळच्या पाळीला जाणारी माणसं मी रोज गॅलरीतून बघायचो. त्यांच्यातल्या कंत्राटी कामगाराचा हिशोब दिवसावर असतो, खाडा झाला की पैसे गेले. कायद्याने काहीच नाही असं नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत नोंद आणि पुरेशा दिवसांची वर्गणी असेल तर आजारपणात ७० टक्के मजुरी ९१ दिवसांपर्यंत मिळते, आणि क्षयासारख्या लांबणाऱ्या आजारांत ८० टक्क्यांनी आणखी पुढे. क्षयरुग्णाला सकस खाण्यासाठी सरकार २०१८ पासून महिना ५०० रुपये देऊ लागलं, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. पण हे सगळं नावनोंदणी असणाऱ्याला. आणि कायद्याच्या कक्षेत येणाऱ्या दुकानात किंवा ऑफिसात काम करणाऱ्यासाठी महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत. लग्न, मयत, मुलाची शाळा आणि कावीळ, सगळं त्यात आणि साठवलेल्या भरपगारी रजेत बसवा.

म्हणजे ज्या विश्रांतीवर मी इथे निबंध लिहितोय, ती माझ्या शेजाऱ्याला परवडतच नाही. म्हणून ती मला नको असं मात्र मी म्हणणार नाही. ज्यांना मिळू शकते त्यांनीच ती हातची घालवली, कॅमेरा बंद ठेवून कामं उरकत राहिले, तर ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठी ती मागणार कोण?

तेव्हा मंडळी, आपल्या हातात आहे ते करू. टीममधला कुणी आजारपणाहून परत आला की पहिले दोन आठवडे त्याला अर्धंच काम द्या, आणि हे रजेच्या धोरणात लिहून घ्यायला एचआरच्या मागे लागा. तो घरी असेल तर फोन करू नका, केलात तर कामाचं सोडून काहीही बोला. घरी कामाला येणाऱ्या मावशी तापातून उठल्या असतील तर पगार न कापता आणखी चार दिवस द्या. आणि "आता बरा आहेस ना?" ऐवजी "आज किती जिने चढलास?" असं विचारा. याला निदान आकडा तरी असतो.

माझा आकडा सध्या तीन आहे.