इंग्रजीशी मैत्री : घाटावरून गेलेले शब्द

काशीच्या दशाश्वमेध घाटावर संध्याकाळच्या गंगा-आरतीसाठी पायऱ्यांवर जागा धरून बसलेल्या गर्दीत मराठी मंडळी हमखास दिसतात. अशा वेळी शेजारी एखादे परदेशी जोडपे येऊन बसते. हसून विचारते, ‘हू बिल्ट धिस?’ म्हणजे, हे कोणी बांधले? प्रश्न सोपा असतो. पण आपला पदवीधर मुलगा मान खाली घालतो आणि मागाहून म्हणतो, ‘‘शब्दच सुचले नाहीत!’’

खरे तर काही शब्द त्याच्या आजूबाजूलाच असतात. आपल्या भाषांतून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा एक जाडजूड कोशच आहे. यूल आणि बर्नेल यांचा हा ‘हॉब्सन-जॉब्सन’ १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र एक लक्षात ठेवा. सासरी गेलेल्या मुलीसारखे हे शब्द तिकडच्या रीतीने वागतात. उच्चार बदलतो, कधी अर्थही. म्हणून ओळखीचे असले, तरी ते नव्याने शिकायचे.

१. घाट
स्पेलिंग : जी-एच-ए-टी. उच्चार : गॉऽट किंवा गाट. इंग्रजीत ‘घ’ नाही.
अर्थ : नदीकाठच्या पायऱ्या. सह्याद्रीला इंग्रजीत ‘वेस्टर्न गॉट्स’ म्हणतात, तोही हाच शब्द.
वाक्य : वी सॅट ऑन द गॉट टिल सनसेट. (सूर्यास्तापर्यंत आम्ही घाटावर बसलो.)

२. डिंगी
स्पेलिंग : डी-आय-एन-जी-एच-वाय. यातला ‘एच’ मुका.
अर्थ : लहान होडी. हवा भरून फुगवायच्या रबरी होडीलाही हेच नाव आहे.
वाक्य : द डिंगी कॅन कॅरी ओन्ली थ्री पीपल. (या होडीत तिघेच मावतात.)

३. पंडिट
स्पेलिंग : पी-यू-एन-डी-आय-टी. शेवटी ‘त’ नव्हे, ‘ट’.
अर्थ : घाटावर छत्रीखाली बसून संकल्प सांगणारे ते आपले पंडित. आजच्या इंग्रजीत मात्र वर्तमानपत्रांतून, टीव्हीवरून राजकारण किंवा खेळावर मते मांडणारा जाणकार, हा अर्थ अधिक रूढ आहे. कधी त्यात किंचित थट्टाही असते.
वाक्य : द पंडिट्स वेअर राँग अगेन. (जाणकारांचा अंदाज पुन्हा चुकला.)

४. शॅम्पू
स्पेलिंग : एस-एच-ए-एम-पी-डबल ओ.
अर्थ : मूळ हिंदी ‘चाँपो’, म्हणजे दाबा, चेपा. पूर्वी इंग्रजीतही याचा अर्थ मालिश असाच होता. पाटण्याच्या शेख दीन मोहम्मद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील ब्रायटन येथे अशा मालिशीची स्नानगृहे चालवली. पुढे अर्थ केस धुण्यावर आला. घाटावरच्या मालिशवाल्याला आज कोणी शॅम्पू करणारा म्हणणार नाही. हा शब्द नाम आहे, तसेच क्रियापदही.
वाक्य : शी शॅम्पूज हर हेअर ट्वाइस अ वीक. (ती आठवड्यातून दोनदा केस धुते.)

५. कॉट
स्पेलिंग : सी-ओ-टी. मूळ आपली ‘खाट’.
अर्थ : इथे फसगत होते. धर्मशाळेत ‘एक कॉट जास्त द्या’ म्हटले की खाट मिळते. इंग्लंडच्या हॉटेलात तेच मागाल, तर तान्ह्या बाळाचा कठडेवाला पलंग पुढे येईल! मोठ्या माणसासाठी तिथे ‘एक्स्ट्रा बेड’ मागावा.
वाक्य : द बेबी इज अस्लीप इन द कॉट. (बाळ पाळण्यात झोपले आहे.)

आता त्या परदेशी जोडप्याच्या प्रश्नाकडे वळू. हा घाट नानासाहेब पेशव्यांनी १७४८ मध्ये बांधवला आणि अहिल्याबाई होळकरांनी १७७४ मध्ये त्याची पुनर्बांधणी केली. म्हणजे उत्तर आपल्याच घरातले! एवढेच म्हणा : ‘अ पेशवा बिल्ट इट. लेटर, अ मराठा क्वीन रीबिल्ट इट.’ वाक्ये दोनच, पण पूर्ण. समोरच्याला व्याकरणाची परीक्षा घ्यायची नसते, त्याला उत्तर हवे असते.

घरचा अभ्यास : ‘मॉन्गूस’ हा इंग्रजी शब्द आपल्या मराठी ‘मुंगूस’वरून गेला. ‘गूस’चे अनेकवचन ‘गीस’, मग मॉन्गूसचे? ‘मॉन्गीस’ नव्हे, ‘मॉन्गूसेस’! या शब्दाची तीन वाक्ये तयार करा आणि घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. मनातल्या मनात नको. तोंड उघडल्याशिवाय भाषा येत नाही.