न दिसणाऱ्या ग्रहाचे वजन



आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी मुलांची अभ्यासिका भरते. तिथे नववीतल्या एका मुलीने परवा आम्हाला विचारले, "काका, जो ग्रह दुर्बिणीतूनही दिसत नाही, तो सापडला असे पेपरात कसे छापतात?" तिला न्यायला आलेली तिची आई दिवसभर विड्या वळून दमलेली होती. ती दारातूनच म्हणाली, "दिसत नाही म्हणूनच तर पत्रिकेवाल्याला पैसे मोजावे लागतात!" सगळे हसले. पण मुलीचा प्रश्न वाजवी आहे आणि आईचा टोलाही. दोन्हींचे उत्तर द्यायला हवे.

तारा स्वतःच्या उजेडाने दिसतो. ग्रहाला स्वतःचा उजेड नसतो. दूरच्या ताऱ्याजवळचा ग्रह शोधणे म्हणजे मोटारीच्या दिव्याशेजारी बसलेला काजवा मैलभरावरून शोधणे. म्हणून शास्त्रज्ञांनी उजेडाचा नाद सोडला आणि वजनाचा माग काढला. वजनदार वस्तूजवळून जाताना प्रकाशही वाकतो, हे आईन्स्टाईनने गणिताने मांडले होते आणि 1919 सालच्या खग्रास सूर्यग्रहणात ते पडताळून पाहिले गेले. प्रकाश वाकवणारी वस्तू म्हणजे एक प्रकारचे भिंगच.

याचा प्रयोग घरी करता येतो. जाड बुडाचा काचेचा पेला घ्या. अंधारात मेणबत्ती लावा, तीन-चार हातांवर बसा आणि एक डोळा मिटून पेल्याच्या बुडातून ज्योतीकडे पाहत पेला हळूहळू सरकवा. ज्योत कधी दोन होते, कधी ताणली जाते, कधी कड्यासारखी पसरते. काचेत एखादा बारीक बुडबुडा राहिलेला असेल, तर तो ज्योतीसमोरून सरकताना क्षणभर वेगळीच चमक मारतो. आता ज्योत म्हणजे फार दूरचा एक तारा समजा. पेला म्हणजे त्याच्या आणि आपल्या मधून सरकणारा दुसरा तारा, आणि बुडबुडा म्हणजे त्या मधल्या ताऱ्याचा ग्रह. दुर्बिणीला ही कडी वगैरे दिसत नाहीत. तिला एवढेच दिसते की मागचा तारा काही आठवडे उजळत गेला आणि पुन्हा मंदावला. त्या चढउतारात मध्येच एखादी छोटी उसळी आली, तर तिथे ग्रह आहे. गुरूएवढा ग्रह असेल तर उसळी एखाद-दोन दिवस टिकते. पृथ्वीएवढा असेल तर काही तासच. याला सूक्ष्म गुरुत्वीय भिंग म्हणतात.

ही कल्पना छापली कशी गेली, तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. रुडी मांडल नावाचा एक हौशी चेक अभियंता 1936 साली आईन्स्टाईनकडे गेला आणि एका ताऱ्याने दुसऱ्या ताऱ्यासाठी भिंगाचे काम केले तर काय होईल, हे छापाच म्हणून मागे लागला. आईन्स्टाईनने त्याच्या आग्रहाखातर छोटा लेख दिला. पण असे काही पाहायला मिळण्याची आशा नाही, असेही त्यात नोंदवले. दोन तारे इतके नेमके एका रेषेत येणे फारच दुर्मीळ, हे त्यांचे म्हणणे बरोबरच होते. आकाशगंगेच्या मध्याकडे पाहिले तरी एका वेळी दहा लाख ताऱ्यांत जेमतेम एखादा असा उजळत असतो. पुढे 1986 साली बोहदान पाचिन्स्की या पोलंडच्या शास्त्रज्ञाने सुचवले की मग लाखो ताऱ्यांवर रोज रात्री नजर ठेवा. 1993 साली पहिली भिंगे सापडली. वॉर्सा विद्यापीठाचा 'ओगल' हा गट चिली देशातल्या डोंगरावरून कोट्यवधी ताऱ्यांची नोंद ठेवतो. या पद्धतीने सापडलेला पहिला ग्रह 2004 साली जाहीर झाला.

आम्ही हिशेबाचे माणूस, म्हणून हे काम आम्हाला ओळखीचे वाटते. रोजकीर्दीत पंधरा पैशांचा फरक आला तर सोडून देता येत नाही. कुठली तरी नोंद राहिलेली असते. 2005 सालच्या ऑगस्टमध्ये एका ताऱ्याच्या नोंदीत असाच फरक आला, तोही जेमतेम दिवसभराचा. त्यावरून वीस हजार प्रकाशवर्षांहून दूरचा एक गोठलेला ग्रह सापडला. त्याचे वजन पृथ्वीच्या सुमारे साडेपाच पट, तापमान शून्याखाली 220 अंशांच्या आसपास. जो कोणी पाहिलेला नाही आणि पुढेही पाहायला मिळण्याची शक्यता नाही, त्या ग्रहाचे वजन करून झाले!

त्याच वर्षी आणखी एक ग्रह सापडला, आणि त्यात न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या जेनी मॅककॉर्मिक या बाईंचा वाटा होता. त्या पदवीधर खगोलशास्त्रज्ञ नव्हत्या. मूल, घर आणि नोकरी सांभाळून घराच्या अंगणातल्या दहा इंची दुर्बिणीने त्या रात्री मोजमाप घेत. मोठ्या दुर्बिणींच्या देशांत दिवस उगवला की नोंद तुटते. ती तुटू नये म्हणून पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला कोणीतरी जागे असावे लागते. शोधनिबंधावर प्राध्यापकांच्या बरोबरीने त्यांचेही नाव आहे. विहारातल्या त्या मुलीला आम्ही हे आवर्जून सांगितले.

एकदा दिसून गेलेला फरक परत येत नाही, तर त्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. एकेका ग्रहाची सखोल माहिती यातून मिळत नाही हे खरेच. पण शिरगणती होते. अशा नोंदींवरून 2012 साली हिशेब निघाला की आपल्या आकाशगंगेत ताऱ्यामागे सरासरी एकाहून अधिक ग्रह असावेत. अमेरिकेने रोमन नावाची अवकाश दुर्बीण बांधली, तिच्याकडूनही याच पद्धतीने हजारभर ग्रह सापडण्याची अपेक्षा आहे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. शशिकुमार चित्रे आणि सहकाऱ्यांनी 1980च्या दशकातच मोठ्या गुरुत्वीय भिंगांवर काम केले होते. पुण्याच्या आयुकातही या विषयावर काम होते, आणि 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त ती संस्था लोकांना खुली असते. सोलापूरहून पुणे काही फार लांब नाही.

आता आईच्या टोल्याकडे वळू. पत्रिकेतल्या नऊ ग्रहांत सूर्य हा तारा, चंद्र हा उपग्रह, आणि राहू-केतू म्हणजे चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते ते नुसते दोन बिंदू. त्यांना वजनच नाही! तरी मंगळाच्या नावाखाली ठरलेली सोयरीक मोडते आणि ग्रहशांतीसाठी पतपेढीचे कर्ज निघते. आपल्या वस्त्याही यातून पूर्ण सुटलेल्या नाहीत. ओगलवाले आधीच जाहीर करतात की अमुक तारा उजळू लागला आहे, अमुक रात्रीच्या सुमारास तो सर्वांत तेजस्वी होईल. मग जगभरचे लोक दुर्बिणी वळवून ते तपासतात. तशीच तपासणी डॉ. जयंत नारळीकर, प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी ज्योतिषाची केली आणि 2009 साली निकाल छापला. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. शंभरात शेहेचाळीस बरोबर आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती तर पन्नासच्या आसपास आली असती.

एप्रिल-मेमध्ये आपण गच्चीवर झोपतो. पहाटे तीन-साडेतीनला उकाड्याने जाग आली तर दक्षिणेकडे मध्यावर पाहा. वृश्चिकाच्या नांगीत मूळ नक्षत्र आहे, त्याच्या डावीकडे धनू रास. शहराच्या दिव्यांपासून दूर, एखाद्या शेतावर गेलात तर तिथे आकाशगंगेचा पट्टा सर्वांत दाट दिसतो. ओगलची दुर्बीण याच तुकड्यावर रोखलेली असते. उजळणारा तारा नुसत्या डोळ्यांना कळत नाही, पण त्या दाटीत तो असतो.