अ‍ॅप सुरू असतानाच अपडेट? आधी काम तर होऊ द्या!

रेल्वे स्थानकाच्या पायऱ्या उतरता उतरता तिकिटाचं अ‍ॅप उघडावं आणि समोर पाटी यावी, 'नवीन आवृत्ती उपलब्ध, अपडेट करा'. 'नंतर' हे बटणच नाही! लोकल निघून जाते, डाउनलोड मात्र ४० टक्क्यांवर अडकलेलं असतं. असा प्रसंग तुमच्यावरही आला असेल.

तांत्रिक अडचण खरी आहे. चालू अ‍ॅप बदलायचं तर अँड्रॉइडला ते आधी बंद करावं लागतं. लॉगिन, फोटो, सेव्ह केलेली माहिती शाबूत राहते. पण अर्धवट भरलेला फॉर्म फक्त मेमरीत असेल, तर तो गेलाच म्हणून समजा. म्हणूनच प्ले स्टोअरचं ऑटो-अपडेट शक्यतो फोन वाय-फायवर, चार्जिंगला आणि रिकामा असताना चालतं. अँड्रॉइड १४ मध्ये तर अ‍ॅप वापरात नसेल तेव्हाच इन्स्टॉल करण्याची सोय अ‍ॅप स्टोअरना मिळाली आहे.

मग ही पाटी कुठून येते? ती अ‍ॅप बनवणाऱ्यांनी निवडलेली असते. गूगलनं २०१९ पासून त्यांना दोन मार्ग दिले आहेत. 'फ्लेक्सिबल'मध्ये अपडेट मागे उतरत राहतं, तुम्ही काम करत राहता आणि शेवटी अ‍ॅप रीस्टार्ट होतं. 'इमिजिएट'मध्ये पूर्ण पडदा अडवला जातो. शिवाय प्रत्येक अपडेट किती तातडीचं आहे, हे ० ते ५ अशा आकड्यानं ठरवता येतं. म्हणजे तारतम्य दाखवायची सोय आहे, दाखवलं जात नाही इतकंच.

कारण सोपं आहे. जुन्या आवृत्त्या चालू ठेवायच्या तर सर्व्हरवर जुनी व्यवस्थाही सांभाळावी लागते, त्याला खर्च येतो. तो टाळायचा म्हणून रांगेत उभ्या माणसाला थांबवलं जातं. ज्याच्या फोनमध्ये जागा नाही किंवा दिवसाचा डेटा संपलाय, त्याचं तर काम त्या दिवशी होतच नाही.

सक्ती कधीच नको, असं मात्र नाही. मे २०१९ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉलिंगमधल्या त्रुटीतून फक्त एक कॉल करून फोनमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर घुसवता येत होतं, तेव्हा कंपनीनं सर्वांना अपडेट करायला सांगितलं. तिथं घाई योग्यच. पण बटणाचा रंग बदलला म्हणून पैसे भरण्याच्या ऐन वेळी दार लावून घेणं, ही निव्वळ बेपर्वाई. निदान हातातला व्यवहार संपेपर्यंत थांबा, एवढीच अपेक्षा आहे.

तोवर बँकेची आणि तिकिटांची अ‍ॅप्स रात्री प्ले स्टोअरमध्ये जाऊन स्वतःच अपडेट करून ठेवा. आणि यूपीआयचा पिन टाकल्यावर अ‍ॅप बंद पडलं, तर लगेच पुन्हा पैसे पाठवू नका. व्यवहार बँकेच्या सर्व्हरवर पूर्ण होतो, अ‍ॅप बंद पडल्यानं तो थांबत नाही. आधी हिस्टरी आणि खात्यातली शिल्लक पाहा.