रक्तात काही नसतं!

नॉर्वे-स्वीडन-डेन्मार्क फिरून आलेल्या माणसाला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. थंडी किती होती? खायला काय मिळालं? आणि आवाज जरा खाली आणून, खर्च किती आला? जून महिना असल्यामुळे थंडी आपल्या डिसेंबरच्या पहाटेएवढीच होती. टूरवाले मराठी असल्यामुळे ऑस्लोतसुद्धा वरण-भात मिळाला. तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर मी अजून घरीही दिलेलं नाही.

पण या प्रश्नांनंतर एक वाक्य येतंच : "तिथली माणसंच वेगळी हो! शिस्त त्यांच्या रक्तातच आहे." बारा दिवस बसमध्ये हे वाक्य ऐकलं. स्वच्छ रस्ता दिसला की रक्त. सुटाबुटातला साहेब सायकलवर दिसला की पुन्हा रक्त. परत आल्यावर स्टाफरूममध्येही तेच. या वाक्याशी माझं भांडण आहे.

आधी गमती सांगून टाकतो. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, नॉर्थ केपला, मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य मावळतच नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंची नेमकी तिथे संकष्टी आली. चंद्रोदय कधी? उन्हाळ्यात तिथे पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र क्षितिजाला चिकटून राहतो, नाहीतर उगवतच नाही. कारण तो सूर्याच्या विरुद्ध बाजूला असतो. शेवटी काकूंनी जालन्याला फोन लावून तिथली चंद्रोदयाची वेळ घेतली, रात्री दहा. साडेतीन तास वजा केले आणि लख्ख उन्हात संध्याकाळी साडेसहाला उपास सोडला! याच काकू कोपनहेगनमध्ये मात्र भडकल्या. तिथे आया हॉटेलात कॉफी पितात आणि बाळाची गाडी बाहेर फुटपाथवर. बाळ गार वाऱ्यात गाढ झोपलेलं. "अगं, कानटोपरं तरी घाल त्याला," असं काकू खिडकीच्या काचेतून मराठीतच सांगत होत्या.

असो. आता रक्ताकडे वळू.

स्टॉकहोमला 'वासा' नावाचं जहाज एका म्युझियममध्ये अख्खं ठेवलेलं आहे. इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते पाहावं, निदान त्याबद्दल वाचावं. स्वीडनच्या राजाची ही दिमाखदार युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच सफरीवर निघाली आणि जेमतेम १३०० मीटर जाऊन बंदरातच बुडाली. वरचा भार जास्त झाला होता. हे कुणाला कळलं नव्हतं असंही नाही! निघण्याआधी तीस खलाशांना डेकवर या बाजूहून त्या बाजूला पळवून चाचणी घेतली होती. जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणीच थांबवली, आणि जहाज तसंच सोडलं, कारण राजाची घाई. पुढे संशोधकांना जहाजात चार मोजपट्ट्या सापडल्या. त्यातल्या दोन स्वीडिश फुटाच्या, दोन ॲम्स्टरडॅमच्या फुटाच्या. म्हणजे कामगारांची मापंही एक नव्हती. चौकशी बसली. मुख्य मिस्त्री आदल्याच वर्षी वारला होता, त्यामुळे सगळ्यांची सोय झाली. शिक्षा कुणालाच नाही! आता सांगा, ही गोष्ट ऐकताना परकी वाटते का?

त्यांनी ते जहाज १९६१ मध्ये वर काढलं आणि स्वतःची फजिती तिकीट लावून जगाला दाखवताहेत. हे मात्र आपल्याला जमलं नसतं, एवढं मान्य करतो.

दुसरी गोष्ट रस्त्याची. स्वीडनमध्ये १९६७ पर्यंत गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालत. १९५५ मध्ये उजवीकडे जायचं का, असं लोकांना विचारलं, तर ८० टक्क्यांहून जास्त लोक 'नाही' म्हणाले. तरी सरकारने ठरवलं, तयारी केली आणि ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे पाच वाजता अख्खा देश उजवीकडे वळवला. आता तिथे उजवीकडून चालणं 'रक्तात' आहे!

आणि श्रीमंती? १८६६ ते १८६८ च्या दुष्काळात फिनलंडची सुमारे आठ टक्के लोकसंख्या मेली. लोक झाडाच्या सालीचं पीठ मिसळून भाकर करत. आपल्याकडे बहात्तरच्या दुष्काळातली मिलो आणि सुकडी आठवणारे आजी-आजोबा प्रत्येकाच्या घरी आहेत; त्यांना विचारा. स्वीडनमधून १८५० ते १९३० या काळात बारा-तेरा लाख माणसं पोटासाठी अमेरिकेला गेली. शिस्त रक्तात असती तर भाकरीसाठी समुद्र ओलांडायची वेळ का आली असती?

यावर आमचे एक सहकारी म्हणतात, त्यांची लोकसंख्या थोडी, शिवाय नॉर्वेत तेल सापडलं. मुद्दा खरा आहे, पण अर्धाच. तिथे दुकानात पाण्याच्या बाटलीमागे अनामत घेतात. रिकामी बाटली मशिनमध्ये टाकली की पैसे परत. याला तेल लागत नाही. आणि यात नवल काय? आपल्या गोटी सोड्याच्या बाटलीला हाच नियम होता. २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत आपल्या राज्यानेही बाटली परत घेऊन पैसे देण्याची तरतूद केली होती. ती कागदावरून दुकानापर्यंत आलीच नाही.

माणसं बदलतात हे पाहायला युरोपलाही जायला नको. आपल्या जालना तालुक्यातलं कडवंची पाहा. १९९६ पासून इंडो-जर्मन कार्यक्रमातून, कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने गावाने पाणलोटाची कामं केली, पुढे शेततळी खोदली, द्राक्षं लावली. २०१२-१३ ला जिल्ह्यात मोसंबीच्या बागा सरपणाला गेल्या, तेव्हा कडवंचीची द्राक्षं उभी होती. कडवंचीकरांचं रक्त काय वेगळं आहे?

आता आपल्या हॉस्टेलच्या मागच्या भिंतीकडे या. तिथला बाटल्यांचा ढीग सगळ्यांना माहीत आहे. माझं म्हणणं, कॅन्टीनने बाटलीमागे दोन रुपये जास्त घ्यावेत आणि बाटली आणून दिली की परत करावेत. एका विद्यार्थ्याने लगेच शंका काढली, "सर, पोरं दुसऱ्याच्या बाटल्या उचलून पैसे घेतील." घेऊ द्या की! तिकडेही लोक पार्कात फिरून दुसऱ्यांनी टाकलेल्या बाटल्या गोळा करतात आणि पैसे मिळवतात. कॅन्टीनवाल्यांची अडचण वेगळीच आहे : दोन-दोन रुपये सुटे आणायचे कुठून? कॉम्प्युटर विभागाच्या मुलांना यावर काही सुचत असेल तर मला येऊन भेटा.