बिल समान वाटून घेऊ या?

तंजावरच्या एका महागड्या हॉटेलात आम्ही पाच जण जेवलो. चेन्नईत एकाच प्रशिक्षणाला असलेले, सुट्टीत बृहदीश्वराचे मंदिर बघायला आलेले. बिल आले ११,४८० रुपये. एकाने फोनवर भागाकार केला आणि म्हणाला, "२,२९६. सगळ्यांनी मला पाठवा."

मी रस्सम आणि दहीभात घेतला होता. पाणी साधे मागितले होते, तेही वेटरने "रेग्युलर की मिनरल?" विचारल्यावर दोन क्षण अडखळून. माझे सगळे मिळून ७०० रुपयांच्या आत होते. लातूरकडच्या माझ्या गावात खुरपणीला बाईला ३०० रुपये रोज मिळतो. माझी आई अजून जाते. म्हणजे तिचे साडेसात रोज त्या टेबलावर मागितले जात होते आणि त्यातले पाचाहून जास्त दुसऱ्यांच्या ताटासाठी.

पैसे नव्हते असे नाही, पगार झाला होता. प्रश्न तोंड उघडण्याचा होता. हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेक जण अशा टेबलावर बसले असतील. मेन्यूत आधी उजवीकडचा आकडा आणि मग डावीकडचे नाव वाचायची सवय आपल्याला असते. "मला फारशी भूक नाही" हे वाक्य आपण किती वेळा बोललो, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

त्या मेन्यूवर एक गोष्ट छापली होती. तंजावरच्या भोसले घराण्यातल्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमसूल संपले, म्हणून आमटीत चिंच घातली गेली आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांच्या नावावरून त्या आमटीला सांबार म्हणू लागले. या गोष्टीला भक्कम पुरावा नाही, पण मराठी गिऱ्हाईक ती वाचून खूश होते. आमच्यातलाही एक झाला. "आपला इतिहास!" म्हणत त्याने फोटो काढला. तो "आपला" मला जरा टोचला. सांबारात चिंच कोणी घातली हे मेन्यूत आहे, पण त्याखालचा भात कोणी पिकवला याचा एक शब्द नाही.

कावेरीच्या या खोऱ्याला तमिळनाडूचे भाताचे कोठार म्हणतात. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या, आज नागपट्टिनम जिल्ह्यात असलेल्या कीळवेण्मणी गावात २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री ४४ दलित माणसे एका झोपडीत जिवंत जाळली गेली. बहुतेक बायका आणि मुले. शेतमजुरांनी संघटना केली होती आणि मजुरीत थोडे जास्त भात मागितले होते. जमीनदार दोषी ठरले, पण १९७३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना सोडून दिले. मोटारी बाळगणारे श्रीमंत मिरासदार स्वतः चालत जाऊन आग लावतील हे न्यायालयाला पटले नाही. मिरासदार हा शब्द तिथेही आहे आणि आपल्याकडेही, त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

हे सगळे मी जेवताना बोलले नाही. बोलले असते तर "जेवताना नको ना" असे उत्तर आले असते.

एका टेबलावर बसण्याचा इतिहास या भागात फार जुना नाही. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला आपल्या छत्रांविषयी लिहून कळवले होते की तिथे ब्राह्मणापासून परैयापर्यंत सर्व वाटसरूंना भात मिळतो आणि ज्यांना शिजवलेला नको असेल त्यांना शिधा. शिजवलेला कोणाला चालत नसे, हे आपल्याला कळते. दक्षिणेतल्या रेल्वे स्थानकांवर ब्राह्मणांची जेवायची जागा वेगळी असे. पेरियार आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षे आवाज उठवल्यावर १९४१ मध्ये ते बंद झाले. १९५७ मध्येही मद्रासमध्ये एका हॉटेलच्या पाटीवरचा "ब्राह्मण" शब्द काढायला द्रविड कळघमला आंदोलन करावे लागले. तोवर संविधानाचे कलम १५(२) लागू होऊन सात वर्षे झाली होती. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थानावरून हॉटेलात आणि सार्वजनिक उपाहारगृहात कोणाला अडवता येणार नाही, असे ते सांगते. मी त्या हॉटेलात मेहेरबानीने शिरले नव्हते.

पण दार उघडते तिथे कलमाचे काम संपते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणात समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील. मताचे मूल्य सारखे झाले. टेबलावर मात्र "प्रत्येक डोक्याला सारखा वाटा" हीच समता समजली जाते. आमच्या पाचही जणांच्या पगाराच्या स्लिपवर एकच आकडा आहे. पण एकाचे आजोबा प्राचार्य होते आणि मुंबईतले घर कर्जमुक्त आहे. माझ्या पगारातून शैक्षणिक कर्जाचा हप्ता, भावाच्या वसतिगृहाची फी आणि घराच्या पत्र्यांचे पैसे जातात. त्याला वारसा मिळाला आणि मला जबाबदाऱ्या, मग भागाकार मात्र पाचाने!

मी म्हणाले, "माझे वेगळे धर. मी ७०० देते."

टेबल गप्प झाले. मग आजोबावाला मित्र अगदी प्रेमाने म्हणाला, "अगं, तुझे मी देतो ना!" मला याचाच जास्त राग आला. मी दान मागितले नव्हते, हिशेब मागितला होता. दान घेतले की पुढच्या वेळी हॉटेल तोच ठरवणार आणि मी आभार मानत जाणार.

मैत्रीत हिशेब कसला, असे विचारणाऱ्यांना बहुधा हिशेब करायची वेळच आलेली नसते. शिवाय असल्या जागी वावरायचे बारकावेही त्यांना लहानपणापासून ठाऊक असतात. बिलात सेवाशुल्क लावले होते. ते ऐच्छिक आहे, न विचारता लावू नये, अशा सूचना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच काढल्या आहेत. मित्राने वेटरला नुसती खूण केली आणि ते निघाले. मला हे माहीत नव्हते. माहिती हेही वारशाचेच धन आहे, पण ते तरी फुकट वाटता येते, म्हणून इथे लिहून ठेवते.

महागड्या हॉटेलात आपण जाऊच नये, असे माझे म्हणणे नाही. दहीभात छान होता आणि पांढऱ्या कापडाचा रुमाल मांडीवर घेऊन निवांत जेवायला मला आवडले. आईला एकदा तिथे न्यायचे आहे, त्या दिवशी मी उजवीकडचा आकडा बघणार नाही.

शेवटी पाचही जणांनी आपापले पैसे दिले. थोडा वेळ गेला, वेटर कंटाळला. खोलीवर परतताना आमच्यातली एक, जी टेबलावर काहीच बोलली नव्हती, हळूच म्हणाली, "बरे झाले बोललीस. माझेही ९०० च होते." तिचे वडील रिक्षा चालवतात, हे मला त्या रात्री कळले. दुसऱ्या दिवशी कुंभकोणमला जाताना तिनेच बसमध्ये फोनवर तिथल्या मेसचा मेन्यू उघडला आणि किमती मोठ्याने वाचून दाखवल्या.