अलर्टचा भोंगा बंद करू नका, पण तो असाच वाजला पाहिजे असंही नाही



सोयाबीनची उगवण तपासली, त्याची नोंद उद्या टाकतो. आज भोंग्याचं बोलू. कारखान्याचा नाही, खिशातला.

पेरणीच्या तोंडावर विजांचा विषय निघाला की पारावर कुणीतरी हमखास सांगतं, "ते फोनचे अलर्ट बंदच करून टाका, काळजात धस्स होतं." एरवी हसून सोडून द्यावं असं बोलणं. पण काही घरांत ही चेष्टा नाही. त्यांनी अलर्ट बंद केला तर मी त्यांना नावं ठेवणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की बंद करायची वेळच येऊ नये. आवाज शहाणा करता येतो.

आधी कोणता अलर्ट ते सांगतो, कारण इथे घोळ होतो. जोरदार पावसाचा इशारा म्हणून येतो तो बहुतेक वेळा साधा एसएमएस, टुंग करतो आणि गप बसतो. पुण्याच्या हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप विजेसाठी आहे, ते आणखी वेगळं. मी म्हणतोय तो सेल ब्रॉडकास्ट. २०२३ च्या पावसाळ्यात त्याच्या चाचण्या झाल्या, २० जुलैला सकाळी महाराष्ट्रात ठिकठिकाणी फोन एकदम किंचाळले, तोच. यात तुमचा नंबर लागत नाही. टॉवर रेडिओसारखा आपल्या हद्दीतल्या सगळ्या फोनांना एकदाच सांगून टाकतो, म्हणून लाईनी जाम असल्या तरी पोचतो. आणि फोन सायलेंटवर असला तरी वाजू शकतो. झोपेतल्या माणसाला पुरातून उठवायचं तर असंच पाहिजे, याबद्दल वाद नाही.

आता ज्यांना तो सोसत नाही त्यांचं.

आमच्या भावकीत एक स्वमग्न पोरगा आहे, आठ वर्षांचा. कुकरची शिट्टी होणार हे आईच्या हालचालीवरून ओळखतो आणि आधीच कान दाबून अंगणात जातो. आवाज कळला की तो सोसायची तयारी करतो. न सांगता आलेला आवाज मात्र त्याला मारल्यासारखा लागतो, मग अर्धा दिवस जेवण नाही, बोलणं नाही. लोक म्हणतात लाडावलाय. लाडाचा काय संबंध? काही जणांच्या मेंदूत आवाजाची पातळी लावणारं बटणच वर अडकलेलं असतं. त्याला डॉक्टर हायपरॲक्युसिस म्हणतात, तुमच्या-आमच्या कानाला साधा वाटणारा आवाज त्यांना दुखतो. डोक्याला मार लागलेल्यांना, अर्धशिशीवाल्यांना, कानात सतत गुंईं वाजणाऱ्यांनाही हे होतं.

दुसरा प्रकार तर आपल्या शेतकऱ्यांचाच आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. आमचे एक काका, तीस वर्षं बिनकेबिनच्या ट्रॅक्टरवर. रोटाव्हेटर, मळणीयंत्र, सगळं कानाशी. आज त्यांना हळू बोललेलं ऐकू येत नाही, आणि जरा मोठ्यानं बोललं की "वरडतो कशाला रे" म्हणून अंगावर येतात. घरच्यांना वाटतं म्हातारा मुद्दाम करतो. तसं नसतं. कानाच्या आतल्या बारीक पेशी मेल्या की हळू आवाज हरवतात, पण मोठे आवाज मोठेच राहतात. ऐकू येणं आणि दुखणं यांच्यातली पट्टी अरुंद होते. म्हणजे ज्याला ऐकू येत नाही म्हणून भोंगा मोठा ठेवायचा, त्यालाच तो मोठा भोंगा दुखतो. ८५ डेसिबलच्या पुढच्या आवाजात रोज आठ तास काम करू नये म्हणतात. बिनकेबिनचा ट्रॅक्टर जोरात चालला की ही रेघ सहज ओलांडतो. तेव्हा हा प्रश्न शहरातल्या चार नाजूक माणसांचा आहे असं समजू नका.

मग करायचं काय? कानाच्या आत एक स्नायू असतो, अंगातला सगळ्यात लहान. मोठा आवाज आला की तो आखडून आतल्या हाडाला आवर घालतो. पण त्याला क्षणभर अवधी लागतो. भोंगा पहिल्याच झटक्याला पूर्ण ताकदीनं सुटला की तो अवधी मिळत नाही, आणि माणूस दचकतो तोही या झटक्यानंच. तोच आवाज तीन-चार सेकंदांत चढत गेला तर शेवटी तेवढाच मोठा होतो, पण हात कानाकडे जायला वेळ मिळतो. पहाटे मोटार चालू करायला लावलेला गजर कित्येक फोनांत असाच चढत जातो. म्हणजे जमतं.

"तीन सेकंदांत माणूस मरेल" असं कुणी म्हणेल. भूकंपात सेकंद मोलाचे असतात, हे मान्य. पण पूर, वादळ, धरणातून सोडलेलं पाणी, यांचा इशारा तीन सेकंदांवर अडत नाही. आणि भूकंपाचंच बोलायचं तर जपानकडे बघा. २००७ मध्ये तिथे भूकंपाची आगाऊ सूचना सगळ्यांसाठी सुरू झाली, तेव्हा एनएचके या टीव्ही-रेडिओसाठी तिचा आवाज तोरू इफुकुबे या प्राध्यापकांनी बांधला. माणूस लगेच सावध व्हावा, पण आवाज अंगावर काटा आणणारा नको, आणि कमी ऐकू येणाऱ्यांनाही कळावा, अशा अटी धरून. त्यासाठी त्यांनी आपल्या काकांच्या, म्हणजे गॉडझिला सिनेमाचं संगीत करणाऱ्या आकिरा इफुकुबेंच्या रचनेतले सूर घेतले. भूकंपाच्या देशात आवाजाचा एवढा विचार होतो, तर आपल्याकडे का होऊ नये?

दुसरी मागणी चाचणीची. माझ्या फोनवर चाचणीचा मेसेज आला तेव्हा वर 'सिव्हिअर' आणि खाली 'दुर्लक्ष करा'. हे म्हणजे लांडगा आला रे! अँड्रॉइड फोनांत चाचणीच्या अलर्टला वेगळं बटण असतं. चाचणी त्या खात्यातून पाठवा, ज्याला सोसत नाही तो तेवढंच बंद ठेवील आणि खरा इशारा चालू राहील. तारीख-वेळही गावात आधी पोचवा. ब्रिटननं २३ एप्रिल २०२३ ला, रविवारी दुपारी तीनला चाचणी घेतली, ती लोकांना बरंच आधी माहीत होती. ज्यांना नको त्यांनी ती कशी टाळायची हेही सांगितलं होतं. आमच्या त्या पोराच्या आईला तारीख आधी कळली तर ती आठवडाभर त्याची तयारी करून घेईल. ग्रामपंचायतीची दवंडी, व्हॉट्सॲप ग्रुप, काहीही चालेल.

तोवर घरच्या घरी एवढं करा. सेटिंगमध्ये 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स' शोधा, कंपनीगणिक जागा बदलते. टेस्टचं बटण असेल तर ते बंद, बाकीचं चालू. ज्याला आवाज लागतो त्याच्या उशाशी किंवा हातात फोन नको, तो पलीकडच्या खोलीत कपड्यांखाली ठेवा. त्याच्या फोनवर अलर्ट बंदच करावा लागला तर घरातल्या दुसऱ्या एका फोनवर चालू आहे ना ते बघा, आणि रानात जाताना तो दुसरा फोनवाला सोबत हवा. इअरफोन घालून फवारणी करणाऱ्या पोरांनो, भोंगा थेट कानात वाजला तर काय होईल ते तुम्हीच ठरवा.

आणि कानात दिवसभर कापूस कोंबून बसू नका. कानाला शांततेची सवय लागली की तो आणखी हळवा होतो. मफ ट्रॅक्टरवर घाला, घरी काढा. काकांना हे सांगून बघितलं. ते म्हणाले, "काय म्हणालास?"